माझ्या हिशेबी मांड

पप्पांनी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवला होता. वचनाच्या कॅलेंडरचं पान, खालच्या तारखा कात्रीने कापून टाकलेल्या, वरचं वचन तेवढं ठेवलेलं. आमच्या नगरमध्ये (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं) कुठल्याही ख्रिस्ती घरात गेलात तर असं कॅलेंडर भिंतीवर असतंच, आणि वर्ष संपलं तरी एखादं पान आवडलं म्हणून घरात कुठेतरी राहतंच. पप्पांनी ठेवलेलं पान होतं बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्र 4:8 चं. जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध, अशी ती लांबलचक यादी आणि शेवटी "त्यांचे मनन करा".

त्याच कपाटात, त्या दाराच्या बरोबर मागे, मधल्या कप्प्यात माझी वही होती. लाल कापडी पाठीची, लांबट, दुकानदार उधारीला वापरतात तसली. ऑगस्ट 2019 मध्ये पप्पांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, त्याच आठवड्यात मी ती घेतली. मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, वीस वर्षं झाली, त्यामुळे खर्च दिसला की तो लिहायचा हे हाताला सवयीचंच आहे. चार कॉलम आखले. तारीख, तपशील, रक्कम, कोणी दिले. डायपरचं 10 चं पाकीट. हवेची गादी. फिजिओवाले, आठवड्यातून तीनदा. रात्रीची आया, ती दीड महिना टिकली. आणि "कोणी दिले" या कॉलममध्ये वर एकदा "मी" आणि मग खाली पानभर त्या दोन छोट्या रेघा, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

दादा पुण्याला. त्याची नोकरी, वहिनीची नोकरी, मुलाची बारावी, मग लॉकडाऊन. पैसे पाठवायचा अधूनमधून, ते पण मी लिहिले आहेत, तसं मी काही खोटं लिहिलं नाही. पण पप्पा गेल्यावर, नोव्हेंबर 2022 मध्ये, मातीनंतर सगळे पाहुणे परतले आणि मी ती वही चाळत बसले तेव्हा एक गोष्ट दिसली आणि मला ती अजून लख्ख आठवते. माझे आकडे सगळे पेनने लिहिलेले होते आणि दादाचे पेन्सिलने. असं मी ठरवून केलं होतं का, मला खरंच सांगता येत नाही. पेन्सिलचे आकडे तीन वर्षांत पुसट झाले होते. माझे ठळक.

मग घराचा विषय निघाला. त्याच्या तपशिलात मला जायचं नाही. घराघरांत होतं तसंच झालं, दोघांचा हिस्सा, कायद्याने बरोबर, दादा काही चुकीचं मागत नव्हता. पण ज्या माणसाने तीन वर्षांत बारा-तेरा वेळा येऊन पप्पांच्या उशाशी बसून चहा प्यायला त्याने अर्धं म्हणावं हे मला सहन होईना. सही केली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले होते समजूत घालायला, त्यांच्यासमोर मी म्हटलंसुद्धा की माझ्या मनात काही नाही, मी माफ केलंय. प्रार्थना झाली. वहिनीने मला जवळ घेतलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

आणि त्या दिवसापासून माझ्या मनातली खरी वसुली सुरू झाली.

हे मला माझ्या कामातूनच नीट समजलं, म्हणून जरा सांगते. पतसंस्थेत एखादं कर्ज वर्षानुवर्षं थकलं, सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेऊन झाला, जप्तीचं करून झालं, तरी पैसे येत नाहीत, तेव्हा ते कर्ज निर्लेखित करतात. म्हणजे ताळेबंदातून काढून टाकायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, सुटला बिचारा, कर्ज माफ झालं. तसं नसतं. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. पुस्तक स्वच्छ दिसावं म्हणून संस्थेने ती रक्कम समोरून काढून बाजूच्या रजिस्टरला ठेवलेली असते, कर्जदाराची जबाबदारी तशीच राहते आणि वसुली चालू राहते, फोन जातात, जामीनदाराच्या दारात माणूस जातो. ताळेबंदात नाव नाही पण पिच्छा सुटलेला नाही. मी दादाचं अगदी हेच केलं होतं. पाळकसाहेबांपुढे ताळेबंद स्वच्छ करून दाखवला आणि बाजूचं रजिस्टर घट्ट धरून ठेवलं. त्याचा फोन आला की मी आवाज जरा थंड ठेवायची, हा झाला एक हप्ता. वहिनीने फॅमिली ग्रुपवर फिरायला गेल्याचे फोटो टाकले की मी काहीच लिहायची नाही, हा दुसरा. कोणी म्हटलं, तुझा भाऊ किती चांगला आहे गं, की मी "हो" म्हणायच्या आधी एक क्षण थांबायची, आणि तो क्षण समोरच्याला कळेल एवढा लांब ठेवायची.

बाहेरून बघणाऱ्याला मी देवभीरू बाई. रविवारी उपासनेला, गायनात, महिन्याच्या प्रभुभोजनाला. आणि दर रविवारी सगळ्यांबरोबर उभी राहून म्हणत होते, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. लहानपणापासून पाठ आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे सरळ देणं, कर्ज अशाच अर्थाचा शब्द आहे, आणि मत्तय हा स्वतः जकातनाक्यावर बसणारा माणूस, त्याला देणं-घेणं म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती. मी आयुष्यभर हिशेब लिहिणारी बाई, आणि ऋण हा शब्द मी चाळीस वर्षं ऐकलाच नव्हता. ओठांवरून नुसता गेला.

2024 च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी बायबल अभ्यास होता. मी बहुतेक वेळा ऑफिसमधून दमून यायची आणि मागच्या खुर्चीवर बसायची. त्या दिवशी विषय होता मनाचं नवीकरण, रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय, ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका. आणि बोलता बोलता पाळकसाहेबांनी फिलिप्पै 4:8 काढलं, पप्पांच्या कपाटातलं. म्हणाले, आपण मराठीत मनन करा असं म्हणतो आणि तो शब्द चांगलाच आहे, पण मूळ ग्रीकमध्ये हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने वापरलेलं क्रियापद आहे लोगिझोमाय. त्याचा विचार करणे हा अर्थ आहेच, पण तो व्यवहारातला शब्द आहे. हिशेब करणे, गणणे, खात्यावर मांडणे.

मी सरळ होऊन बसले.

मग त्यांनी तोच शब्द आणखी कुठे कुठे येतो ते दाखवलं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, प्रीतीचा, प्रत्येक लग्नात वाचतात तो. त्यात आहे, प्रीती अपकार स्मरत नाही. तिथे हेच क्रियापद. म्हणजे प्रीती अपकाराची नोंद करत नाही, खात्यावर मांडत नाही. दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःबरोबर समेट करत होता आणि लोकांचे अपराध त्यांच्याकडे मोजत नव्हता. पुन्हा तेच. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या लेखी नीतिमत्त्व गणण्यात आला, तिथेही तेच. आणि पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, शेवटच्या अध्यायात तो सांगतो की माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, सगळे मला सोडून गेले, आणि लगेच म्हणतो की हे त्यांच्या नावावर मांडलं जाऊ नये. तोच शब्द! सगळे सोडून गेले हे तो लिहितो, लपवत नाही. झालं ते झालं म्हणून सांगतो. फक्त नावावर टाकत नाही.

स्तोत्र 32 मध्ये तर आपल्या मराठी बायबलने सरळ हिशेब हाच शब्द घातलाय, ज्याच्या हिशेबी परमेश्वर अनीतीचा दोष लावत नाही तो मनुष्य धन्य. मी हे स्तोत्र किती वेळा वाचलं असेल.

घरी आले, कपाट उघडलं. दारावर वचन, आत वही. दोन्हीकडे एकच क्रियापद! पप्पांनी दारावर एक प्रकारचा हिशेब चिकटवला होता आणि मी आत दुसऱ्या प्रकारचा लिहीत बसले होते, दोघंही नोंदीच करत होतो, फरक एवढाच की कशाची नोंद करायची.

मी तोपर्यंत असं समजत होते की ख्रिस्ती विचार म्हणजे चांगले विचार. मनात वाईट आलं की ते झटकायचं, एखादं गीत गुणगुणायचं, पॉझिटिव्ह राहायचं. व्हॉट्सअॅपवर सकाळी येणारे मेसेज पण तेच सांगतात, फुलाचं चित्र आणि खाली हेच वचन. पण फिलिप्पैकरांचा चौथा अध्याय पहिल्यापासून वाचा. आठव्या ओवीच्या सहाच ओव्या आधी पौल दोन बायकांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे, आणि दोघींना वेगवेगळी विनंती करतो की प्रभूच्या ठायी एकचित्त व्हा. या दोघी त्याच्याबरोबर सुवार्तेसाठी झटलेल्या, म्हणजे मंडळीतल्या चांगल्या, कामाच्या बायका, आणि त्यांचं बिनसलेलं. कशावरून ते पौल लिहीत नाही. आणि तो हे लिहितोय कैदेतून. तेव्हा ते वचन एकट्याने शांत बसून छान छान विचार करणाऱ्या माणसासाठी नाहीच मुळी, ज्या मंडळीत दोन माणसं एकमेकींशी बोलत नाहीत त्या मंडळीसाठी आहे. समोरच्या माणसात जे सत्य आहे, आदरणीय आहे, शुद्ध आहे, ते खात्यावर घ्या. मला ते असं दिसायला लागलं आणि दिसल्यावर मागे जाता येईना.

मग मी प्रयत्न सुरू केला, आणि तो मला वाटला होता तेवढा सोपा नव्हता. रात्री झोपायच्या आधी दादाविषयी एक खरी चांगली गोष्ट आठवायची, एवढंच ठरवलं. पहिले दोन-तीन दिवस काहीच आठवेना, म्हणजे आठवायचं पण लगेच मागून "पण" यायचा. दादाने मला अकरावीला सायकलवर डबलसीट क्लासला सोडलं, वर्षभर, पावसात सुद्धा. पण. माझ्या बीकॉमच्या शेवटच्या वर्षाची फी भरायची होती तेव्हा त्याने त्याच्या पहिल्या पगारातून दिली आणि पप्पांना सांगितलं नाही. पण. लॉकडाऊनच्या आधी तो दर महिन्याला येत होता, मग 2020 मध्ये जिल्ह्याच्या हद्दीच बंद झाल्या, तो रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचा आणि मी फोन पप्पांच्या तोंडापुढे धरायची, पप्पांना बोलता यायचं नाही, दादा एकटाच बोलत राहायचा वीस-वीस मिनिटं, आज काय खाल्लं, इकडे पाऊस आहे, असलं काहीबाही. हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. कोणत्या कॉलमला लिहिणार, त्याला रक्कम नव्हती.

करिंथच्याच दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की आम्ही तर्कवितर्क पाडून टाकतो आणि प्रत्येक कल्पना ख्रिस्तापुढे मान वाकवेल असं करतो. त्या तर्कवितर्कांसाठीचा शब्दही लोगिझोमायच्याच घरातला. पूर्वी मला ते वचन फार मोठ्या लढाईबद्दल वाटायचं, नास्तिकांशी वाद वगैरे. आता मला तो माझा "पण" दिसतो. तो एक गड आहे, आणि तो रोज रात्री मीच बांधते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. क्षमेची ही वचनं घेऊन मार खाणाऱ्या बाईला परत त्या घरात पाठवणारे लोक मी बघितलेत, आमच्यातही आहेत, आणि मला ते अजिबात मान्य नाही. अन्याय झाला तर तो अन्याय आहे हे म्हटलंच पाहिजे, पौलानेही म्हटलं. नावावर न मांडणं म्हणजे घडलंच नाही असं म्हणणं नव्हे. माझं प्रकरण त्यातलं नव्हतं. माझा भाऊ दुष्ट नव्हता, तो फक्त लांब होता, आणि कदाचित घाबरलेला.

त्याच महिन्यात एकदा ऑफिसच्या कामाने पुण्याला जायचं होतं आणि मी एसटी सोडून मुद्दाम दौंडवरून रेल्वेने गेले. दौंड सुटलं की थोड्या वेळाने केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. खिडकीतून फलाट दिसला आणि मी सहज विचार करत बसले. या बाईच्या वहीत काय काय मांडता आलं असतं. आईवडील आणि मोठी बहीण दुष्काळात गेले. मग ती आणि तिचा भाऊ श्रीनिवास, दोघंच, अख्खा देश पायी तुडवत फिरले. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये नवरा. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडमध्ये वाँटेजला, पण त्यांनी स्वतः पुढे सांगितलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. मला हे वाक्य फार मोठा आधार वाटतं. एवढी विदुषी, संस्कृत तोंडपाठ, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणणारी बाई, तिलासुद्धा धर्म आधी मिळाला आणि प्रीती नंतर. 1921 मध्ये तिची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि तरी ती भाषांतराचं काम करत राहिली, एप्रिल 1922 मध्ये स्वतः जाईपर्यंत.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंचा झाला 1900 मध्ये. मधली पाच वर्षं आधी ताटातूट आणि मग एकत्र आल्यावरही चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. विचार बदलायला जो वेळ लागतो तो त्यांनी बायकोला दिला, आणि बदलला तो तिचा तिने बदलला. रविवारी त्यांची गीतं गाताना मला हल्ली हे आठवतं.

पण मला खरं हलवलं ते यातल्या कशानेही नाही.

पुण्याहून परतल्यावर एका रात्री मी नेहमीसारखी दादाबद्दल चांगलं काही शोधत पडले होते आणि वहीतली एक तारीख डोळ्यापुढे आली, जुलै 2021 मधली. त्या पानावर फक्त दोन नोंदी आहेत, चादरी 2 आणि फिनेल. त्या रात्री काय झालं ते वहीत नाही. पाऊस होता, लाईट गेलेली. आया सोडून गेलेली, दुसरी मिळाली नव्हती. पप्पांची चादर मी तिसऱ्यांदा बदलत होते, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून, कारण दोन्ही हात लागायचे, त्यांना कुशीवर करायला आणि चादर ओढायला. आणि बदलून झाली आणि परत ओली झाली. मी टॉर्च बाजूला ठेवला आणि अंधारात मोठ्यांदा म्हणाले, सुटा हो पप्पा एकदाचे, सुटा आणि मलाही सोडवा. आपल्या वडिलांना म्हणाले. त्यांना बोलता येत नव्हतं पण ऐकू सगळं येत होतं, कळत सगळं होतं. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले. थोड्या वेळाने त्यांचा डावा हात चाचपडत आला, त्यांचा तो एकच हात चालायचा, आणि माझ्या मनगटावर थोपटायला लागला. लहान मुलाला झोपवताना थोपटतात तसं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी रडत होते आणि ते थोपटत होते.

सकाळी मी त्यांना दाढीला बसवलं तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले, त्यांचं ते अर्ध्या तोंडाचं हसू. जसं काही झालंच नव्हतं. त्यानंतर सोळा महिने ते होते आणि त्या रात्रीचा एक कण मला त्यांच्या डोळ्यात कधी दिसला नाही. मी शोधला होता, खरं सांगते. मला वाटायचं कुठेतरी असेल. नव्हता.

देवाची प्रीती म्हणजे काय हे मी चाळीस वर्षं प्रवचनात ऐकलं. संडे स्कूलमध्ये चित्रं रंगवली, मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, धावत येणारा उधळ्या पुत्राचा बाप. पण ती माझ्या अंगाला लागली ती त्या मनगटावर, आणि लागलेली कळायला मला आणखी अडीच वर्षं लागली, कारण मधल्या काळात मी दादाची वही लिहिण्यात गुंतले होते. माझ्या नावावरची सगळ्यात मोठी रक्कम मांडलीच गेली नव्हती. ज्याची ती होती त्याने मांडली नाही. आणि तरी ती कुठेतरी गेलीच असणार ना, कारण हिशेबाचं काम करणारी बाई म्हणून मला एक पक्कं माहीत आहे की रक्कम हवेत नाहीशी होत नाही. कर्ज खरोखर सोडलं, निर्लेखन नाही, खरी माफी, तर तेवढा तोटा कोणाच्या तरी खात्याला लागतो. राखीव निधीतून जातो, नफ्यातून जातो, पण जातो. कोणीतरी सोसतो. पप्पांनी त्या रात्री ते सोसलं होतं, चालणाऱ्या एका हाताने. आणि पप्पांना ते कुठून जमलं असेल ते त्यांच्या कपाटाच्या दारावर लिहिलेलं होतं.

फिलेमोनाचं पत्र बायबलमधलं अगदी छोटं, एकच अध्याय. अनेसिम नावाचा एक दास मालकाला सोडून गेलेला, पौलाला भेटलेला, विश्वासात आलेला, आणि पौल त्याला परत मालकाकडे पाठवताना फिलेमोनाला लिहितो की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. आणि पुढे, हे मी पौल स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. आमच्या ऑफिसात मी रोज जामीनदार बघते. सही करताना हसत करतात, मित्र आहे, भाऊ आहे म्हणून, आणि नोटीस गेली की तेच लोक काउंटरवर येऊन रडतात, मॅडम माझा काय संबंध. इथे एक माणूस तुरुंगातून, नोटीस यायच्या आधीच, स्वतःहून सही करून देतोय. इब्रीकरांस पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. हा शब्द मी फॉर्मवर दिवसातून दहा वेळा वाचते.

त्या रात्री मी प्रार्थना केली, मोठी नाही. एवढंच म्हटलं की दादाकडे माझं जे काही निघतं ते तुझ्या हिशेबी मांड. मला एकदम हलकं वाटलं वगैरे असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा मेसेज आला आणि माझा "पण" जागेवरच होता. परत तेच म्हटलं. दिवसात कधी कधी चार-पाचदा म्हणावं लागायचं. अजूनही लागतं.

2024 मध्ये ईस्टर आला बरोबर 31 मार्चला. ज्यांनी कुठल्याही संस्थेत काम केलंय त्यांना कळेल म्हणजे काय, वर्षअखेर आणि पुनरुत्थानाचा दिवस एकत्र. गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात शब्दांच्या उपासनेला मी कशीबशी गेले, आणि पहिला शब्द, हे बापा, त्यांना क्षमा कर, तेवढा ऐकून मला ऑफिसचा फोन आला म्हणून बाहेर यावं लागलं. बाहेर उभी राहून फोन संपवला आणि तिथूनच दादाला लावला. म्हटलं, उद्या पप्पांच्या कबरीला चुना मारायचाय, येतोस का. तो दोन सेकंद गप्प झाला. मग म्हणाला, किती वाजता.

रात्रीच्या गाडीने आला. शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही कब्रस्तानात होतो, मला नऊला ऑफिस गाठायचं होतं. ईस्टरच्या पहाटेची उपासना तिथेच असते म्हणून आदल्या दिवशी बरीच घरं येतात, कोणी गवत काढतंय, कोणी बादल्या नेतंय, एकमेकांना सलाम करतायत. दादाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. चुना मी रात्रीच भिजवून ठेवला होता. मी बाजू मारत होते आणि तो क्रुसावरची अक्षरं काळ्या रंगाने परत गिरवत होता, बारीक ब्रशने, जीभ दातात धरून, लहानपणी चित्र काढताना धरायचा तशी.

नावाच्या मधल्या अक्षराशी थांबून त्याने विचारलं, माझ्याकडे न बघता, "पप्पांना शेवटी शेवटी काही बोलता येत होतं का गं? मला काही म्हणाले का?"

इतक्या दिवसांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं. आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस दोन-अडीच वर्षं रात्री वीस-वीस मिनिटं एकटा बोलत होता आणि त्याला उत्तर कधी मिळालंच नव्हतं. मला मिळालं होतं. मनगटावर.

मी ब्रश बादलीत ठेवला आणि त्याला जुलैमधली ती रात्र सांगितली. सगळी, मी काय म्हणाले ते सुद्धा. हे मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तो ऐकत राहिला, ब्रश तसाच हवेत, काळ्या रंगाचा एक थेंब खाली ओल्या चुन्यावर पडला आणि पसरला.

मग तो खाली बसला. बोटाने तो डाग पुसायला गेला तर आणखी मोठा झाला.

"राहू दे," मी म्हटलं, "वरून दुसरा हात मारू."

"आधी वाळू दे पहिला," दादा म्हणाला आणि तिथेच कबरीच्या कडेला सरकून त्याने मला बसायला जागा केली.